अण्णा कोरगावकरांचं ट्रू

अण्णा कोरगावकर सातवी शिकलेले. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं. पण इंग्रजीतला एक शब्द त्यांच्याइतका आमच्या कारखान्यात कुणालाच येत नव्हता. तो शब्द म्हणजे ट्रू.

मुलुंडला आमचा पंपांचा कारखाना होता. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा मला एकविसावं चालू होतं. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मला टेबल मिळालं ते इन्स्पेक्शन खात्यात. खातं म्हणजे काय, तर मशीन शॉपच्या कोपऱ्यात काचा लावून केलेली एक खोली. तिच्यात एक लांबलचक टेबल, एक लोखंडी कपाट, मी, माझा टाइपरायटर आणि इन्स्पेक्टर अण्णा कोरगावकर. बाहेर दिवसभर लेथ, ड्रिल आणि ग्राइंडर चालायचे. पहिले आठ दिवस मला वाटायचं, आपल्याला इथे ऐकूच यायचं नाही. नंतर लक्षात आलं की अण्णा त्या सगळ्या गोंगाटात अगदी हळू बोलतात, तरी त्यांचा शब्द न् शब्द कळतो.

पन्नाशीचा माणूस. काटकुळे, काळेसावळे, खाकी शर्टाची वरची बटणंसुद्धा लावलेली. एका कानावर पेन्सिल. टेबलाच्या खणात आतून निळ्या मखमलीची गादी असलेली एक लाकडी पेटी, आणि तिच्यात त्यांची डायल. घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यावर एक काटा. मशीनवरून शाफ्ट, म्हणजे पंपाचा फिरता दांडा, उतरून आला की अण्णा तो दोन टोकांत धरून हळूहळू फिरवायचे आणि डायलचं टोक त्याला टेकवायचे. काटा जागेवर राहिला की म्हणायचे, "ट्रू." काटा थरथरला की काही म्हणायचेच नाहीत. शाफ्टवर लाल खडूने फुली मारून बाजूला ठेवून द्यायचे.

बरोबर, ठीक, हो, खरंय, या सगळ्यांच्या जागी त्यांना तो एकच शब्द पुरायचा. "आज शुक्रवार ना अण्णा?" "ट्रू." "चहात साखर कमी पडली." "ट्रू."

मी लागून आठवडा झाला असेल. एका गिऱ्हाईकाला पाठवायचं पत्र टाइप करून मी त्यांच्या सहीसाठी ठेवलं. त्यांनी लाकडी पट्टी घेतली, पहिल्या ओळीखाली धरली आणि एकेक ओळ खाली सरकवत सबंध पत्र वाचलं. त्यांची वाचायची ही रीत कधी बदलली नाही. शेवटच्या ओळीशी पट्टी थांबली.

"हे काय गो? युअर्स ट्रूली?"

"अण्णा, पत्राच्या शेवटी तसंच लिहितात."

"ट्रूली म्हणजे?"

"म्हणजे... तुमचा खराखुरा."

"ह्या माणसाला मी कधी बघितलेला नाही. कोइमतूरला ऱ्हातो. मी त्याचा खराखुरा कसा काय?"

मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. कपाटातून त्यांनी जुन्या जॉब-कार्डांचा दोऱ्याने शिवलेला एक गठ्ठा काढला. कार्डांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी हा शब्द जिथे जिथे भेटला ते सगळं टिपून ठेवलं होतं. मुलीच्या परीक्षेत ट्रू आणि फॉल्स असा प्रश्न आला होता, तो. दाखल्यावरचा ट्रू कॉपीचा शिक्का. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका शेजाऱ्याने सांगितलेलं ट्रू नॉर्थ, म्हणजे होकायंत्र दाखवतं ती नव्हे, खरी उत्तर दिशा. कुणाच्या तरी लग्नात आलेल्या भेटकार्डावर स्वप्नं ट्रू होवोत असं छापलेलं होतं, त्याखाली अण्णांनी लिहिलं होतं, 'स्वप्न ट्रू कसं? डायल कुठे लावणार?' त्या दिवशी त्यांनी युअर्स ट्रूलीची भर घातली आणि पुढे कंसात लिहिलं, 'नुसती पद्धत.'

"शब्द एक आणि कामं किती करतो बघ," ते म्हणाले. "पण मुळात एकच. काटा हलता नये."

कारखान्यात त्यांचा दरारा होता तो ह्याच काट्यामुळे. एकदा महिन्याच्या अखेरीला सत्तर शाफ्टची खेप जायची होती. बाहेर ट्रक उभा. अण्णांनी त्यातले एकोणीस काढून फुल्या मारल्या. वर्क्स मॅनेजर देसाई स्वतः खोलीत आले. देसाई उंच, गोरे, कधीही आवाज न चढवणारे.

"कोरगावकर, केसाएवढाही फरक नाही हो. पंपात बसल्यावर कुणाला कळणार आहे?"

"पंपाला कळतला साहेब," अण्णा म्हणाले.

देसाई हसले आणि ट्रक थांबवायला सांगून निघून गेले. मला वाटलं, आता अण्णांचं काही खरं नाही. पण तसं काही झालं नाही. उलट त्यानंतर वर्षभराने अण्णांच्या बायकोला एकाएकी रुग्णालयात न्यावं लागलं तेव्हा देसाईंनी आपली गाडी दिली, ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ती वाचली. अण्णा ते कधी विसरले नाहीत.

माझ्यावर अण्णांचा असाच एक उपकार होता. मला एक स्थळ सांगून आलं होतं, आमच्याच कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसातलं. मुलगा दिसायला छान, घरची माणसं बोलकी. आमच्या बाबांना सगळं पसंत होतं. तरी ते एका रविवारी विचारायला म्हणून अण्णांच्या घरी भांडुपला गेले. अण्णा आणि त्या मुलाचे वडील एकाच गावचे, जाणंयेणं असलेले. अण्णांनी बाबांना चहा दिला आणि सांगितलं, "मुलगा कामाला चांगला आहे. पितो. रोज पितो." बस्स. स्थळ मोडलं. त्या घराने अण्णांशी बोलणं टाकलं, गणपतीलासुद्धा बोलावलं नाही. मी एकदा त्यांना म्हटलं, "अण्णा, माझ्यापायी तुमचे संबंध गेले." ते म्हणाले, "तुझ्यापायी कसले? विचारलं म्हणून सांगितलं."

तेव्हापासून हा माणूस माझ्या लेखी वेगळाच झाला. बाबांशी जे बोलता येत नव्हतं ते मी अण्णांशी बोलायला लागले.

ग्राइंडरवर सदा परब नावाचा कामगार होता. पंचविशीचा, हसरा, अण्णांच्याच गावचा. अण्णांनीच त्याला गावाहून आणून इथे चिकटवला होता, हाताला धरून काम शिकवलं होतं. तो त्यांच्याशी मालवणीतच बोलायचा. दुपारी डबा घेऊन खोलीत यायचा आणि अण्णांच्या डब्यातली सुक्या बांगड्याची चटणी हक्काने ओढून घ्यायचा. "अण्णा, ही तुमची चटणी पण ट्रू आसा," म्हणायचा.

गिरण्यांचा संप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. अण्णांचा धाकटा भाऊ परळच्या गिरणीत होता. गिरणी बंद, खोली सोडावी लागली, तेव्हा तो बायकोमुलांसकट अण्णांच्या दोन खोल्यांत राहायला आला होता. अण्णा त्याबद्दल बोलायचे नाहीत. फक्त डब्यातली चटणी संपली आणि तिथे नुसती भाकरी आणि कांदा दिसायला लागला.

त्या सुमारास सदाच्या ग्राइंडरवरून येणाऱ्या कामावर बारीक लाटा दिसायला लागल्या. एका सोमवारी अण्णा आपली डायल घेऊन थेट मशीनपाशी गेले आणि ज्या दांड्यावर दगडाचं चाक फिरतं त्या दांड्यालाच डायल लावली. काटा सरळ सरळ नाचत होता. खोलीत येऊन त्यांनी इन्स्पेक्शनच्या वहीत लिहिलं, 'ग्राइंडर नंबर दोन. स्पिंडल आउट ऑफ ट्रू. मशीन चालवू नये.' खाली सही. वही देसाईंकडे गेली आणि त्यांची सही होऊन परत आली. मशीन थांबलं नाही. मोठी ऑर्डर होती. आठवड्याभराने बघू, असं वरून सांगितलं गेलं.

गुरुवारी सकाळी चहाच्या आधी चाक फुटलं. तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. मी काचेतून पाहिलं तर सदा दोन्ही हातांत तोंड धरून जमिनीवर बसला होता आणि अण्णा त्याच्याकडे धावत होते. रुग्णालयात नेताना सदाचं डोकं अण्णांच्या मांडीवर होतं. उजवा डोळा गेला.

सरकारी अधिकारी येऊन गेले. त्यांनी त्या आठवड्याच्या इन्स्पेक्शनच्या नोंदींची ट्रू कॉपी मागितली. झेरॉक्सची मशीनं तेव्हा कारखान्याकारखान्यांत नव्हती. असल्या नकला टाइप व्हायच्या. मी वही समोर ठेवून, दोन कार्बन घालून, नोंदी जशाच्या तशा टाइप केल्या. वरची प्रत आणि पहिला कार्बन देसाईंकडे गेला, दुसरा कार्बन माझ्या खणात राहिला. तासाभराने वरची प्रत परत आली. सोमवारच्या त्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारलेली होती. शिपायाने निरोप सांगितला, "साहेब म्हणाले, ही ओळ मशीनची आहे, इन्स्पेक्शनची नाही. ती गाळून नवीन करा. आणि वही पण मागितलीय."

मी अण्णांकडे पाहिलं.

"कर टाइप," ते म्हणाले.

मी केलं. हे मला सांगायलाच हवं. माझ्याच बोटांनी केलं. मग कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पट्टी घेतली आणि नेहमीप्रमाणे एकेक ओळ वाचत खाली आले. सोमवारच्या शेवटच्या नोंदीखाली पट्टी क्षणभर थांबली. मग मंगळवारवर गेली. शेवटी ट्रू कॉपीच्या शिक्क्याखाली त्यांनी सही केली.

तरीसुद्धा मला शंका आली नाही. मला वाटलं, अण्णांच्या मनात काहीतरी आहे, आत्ता भांडून उपयोग नाही हे ओळखून ते थांबलेत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खणातला कार्बन काढून त्यांच्यासमोर धरला. "अण्णा, पहिली नक्कल आहे. सगळ्या ओळी आहेत."

त्यांनी दाराकडे पाहिलं. कागदाची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली.

"माझ्याकडे ऱ्हांदे. चौकशीत काढतो. तू कोणाला बोलू नको."

मला किती हलकं वाटलं त्या दिवशी.

चौकशी पंधरा दिवसांनी झाली. सदाने गॉगल लावला नव्हता आणि चाक नीट बसवलं नव्हतं, असा त्याच्यावर आरोप होता. बाहेरून एक चौकशी अधिकारी आले होते. देसाई बसले होते. युनियनचा माणूस कोपऱ्यात खुर्ची घेऊन खाली बघत होता. जबाब टाइप करायला मला बसवलं होतं. सदा आला तेव्हा त्याच्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती आणि शर्ट इस्त्रीचा होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, तुझ्या बाजूने कोण बोलणार?

"माका दुसरा कोण नको," सदा म्हणाला. "अण्णा आसत."

अण्णांना बोलावलं. ते टेबलाच्या टोकाशी उभे राहिले. मी त्यांच्या खिशाकडे बघत होते. सदाने एकच प्रश्न विचारला.

"अण्णा, मशीन आउट आसा, असा तुमी वहीत लिवलेलात ना?"

पंखा फिरत होता. माझी बोटं टाइपरायटरवर तयार होती. अण्णा सदाकडे बघत नव्हते, देसाईंकडेही नाही. ते टेबलावरच्या कागदाकडे बघत होते.

"वहीची ट्रू कॉपी साहेबांसमोर आहे," ते म्हणाले. "त्यात असेल ते खरं."

"अण्णा, मी इचारतंय तुमका."

"कॉपीत असेल ते."

अधिकारी माझ्याकडे वळून म्हणाले, "घ्या लिहून." मी लिहून घेतलं. त्या एका वाक्यात मी तीन चुका केल्या, आणि तीन वेळा खोडलं.

वही पुन्हा कुणाला दिसली नाही. सदाची चूक ठरली. त्याची नोकरी गेली.

चौकशीनंतर चौथ्या दिवशी देसाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा कार्बन होता, चौकोनी घड्या पडलेला. "कार्बन जपून ठेवायची सवय चांगली नाही, मिस," ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले. "सोमवारपासून तुम्ही डिस्पॅचला." डिस्पॅच म्हणजे फाटकाजवळची पत्र्याची शेड.

मी सरळ खोलीत आले. अण्णा डायल मखमलीत ठेवत होते.

"अण्णा, माझा कागद साहेबांकडे कसा गेला?"

"बस गो."

"नाही बसत. तुम्ही दिलात?"

त्यांनी पेटी बंद केली. मग म्हणाले, "मीना, मी परवा लायब्ररीत गेलेलो. मोठी डिक्शनरी काढून बघितली. ट्रूचा सगळ्यात जुना अर्थ काय होता, ठाऊक आहे? खरा असा नव्हताच. इमानी. ज्याने आपल्याला हात दिला त्याला धरून राहणारा. खरंबिरं सगळं नंतर आलं."

हा माणूस लायब्ररीत गेला होता. सही करून, सदासमोर उभं राहून झाल्यावर, आपण केलं त्याला बसेल असा अर्थ शोधायला गेला होता. आणि त्याला तो सापडलाही होता.

"मग सदा?" मी म्हटलं. "त्याला हात कोणी दिला होता?"

"माझ्या घरात दहा माणसं आहेत."

"हे आधी का नाही सांगितलंत? मी कागद तुम्हाला दिलाच नसता. मी सदाला नेऊन दिला असता."

"म्हणून तर सांगितलं नाही," अण्णा म्हणाले.

हेही त्यांनी खरंच सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं.

दोन महिन्यांनी त्यांचा धाकटा भाऊ आमच्या स्टोअर्समध्ये कामाला लागला. मी डिस्पॅचच्या शेडमधून त्या दोघांना एकाच वेळी फाटकातून आत येताना बघायची. अण्णा मान खाली घालून हजेरीचं कार्ड पंच करायचे आणि पुढे जायचे. मशीन शॉपमधले लोक सांगत, की ते आता शाफ्ट तपासून नुसतं "ओके" म्हणतात.

गावी जायच्या आधी सदा भांडुपला आपल्या खोलीत होता, तेव्हा मी आईला बरोबर घेऊन एकदा गेले. सामान बांधून झालं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. वहीतली ओळ, पेन्सिलीची रेघ, मी टाइप केलेली दुसरी नक्कल, तो कार्बन. सांगताना मला रडू आलं. तो ऐकत होता. मग त्याने बायकोला आमच्यासाठी चहा टाकायला सांगितला.

"वहीतला माका ठाऊक आसा," तो म्हणाला. "अण्णा लिवत होते तेवा मी दारातच उभो होतंय. माझ्यासमोर लिवल्यानी."

"मग तू चौकशीत हे का नाही सांगितलंस? अण्णांना कशाला विचारलंस?"

"माझा कोण ऐकतला? म्हणान तेंका इचारलंय." त्याने उरलेला डोळा मिटून घेतला. "वाटला, माझ्याकडे बघून तरी सांगतले."

मी वर्षभरात ती नोकरी सोडली. एका वकिलांकडे लागले, पुढे लग्न होऊन बोरीवलीला आले. सदा गावी भावाच्या होडीवर जातो असं कानावर आलं होतं, पण ते सांगणारेही हळूहळू भेटेनासे झाले. मुलुंडकडे मी कामाशिवाय गेले नाही.

दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी बोरीवली पूर्वेला बसच्या रांगेत उभी होते. सकाळचे दहा वाजले असतील. नॅशनल पार्कच्या बाजूने एक म्हातारा माणूस छत्री काठीसारखी टेकत आला आणि माझ्या मागे तीन माणसं सोडून उभा राहिला. अंगात पांढरा शर्ट, वरची बटणंसुद्धा लावलेली. खूप वाळले होते. मी मान वळवून रस्त्याकडे बघत राहिले. पण त्यांनी मला ओळखलं. रांग सोडून ते पुढे आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि अगदी हळू, ट्रकच्या आवाजातही नीट कळेल असं म्हणाले,

"मीना ना गो तू?"

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असावा. ते मान तिरकी करून माझा चेहरा शोधत होते. ओठांवर हसू यायला लागलं होतं. मला दिसत होतं की ह्या माणसाला काहीतरी बोलायचं आहे, बरीच वर्षं बोलायचं आहे. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी ते बोलले असते.

"नाही," मी म्हटलं. "मी तुम्हाला ओळखत नाही."

ते तसेच उभे राहिले. हसू तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे आणखी एकदा पाहिलं, आणि माझी खात्री आहे, त्यांना कळलं.

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले.

बस आली. मी चढले. खिडकीशी जागा मिळाली. रांग संपली, कंडक्टरने घंटी मारली. ते बसस्टॉपच्या खांबाला हात लावून उभे होते. त्यांनाही ह्याच बसने जायचं होतं. ते चढले नाहीत.